कंबरदुखी

शेवटच्या बरगडीची खालची कडा आणि नितंबाखालची घडी यांच्या दरम्यान, पाठीच्या बाजूला होणाऱ्या वेदनेला कंबरदुखी म्हणतात. वेदना कधी एकाच ठिकाणी राहते, तर कधी कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत उतरते. सहा आठवड्यांच्या आत थांबणारी कंबरदुखी अल्पकालीन आणि बारा आठवड्यांहून अधिक टिकणारी जुनाट मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2020 मध्ये जगातील सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना हा त्रास होता आणि 2050 पर्यंत ही संख्या 84 कोटी 30 लाखांपर्यंत जाईल असा अंदाज आहे. माणसाला अकार्यक्षम करणाऱ्या विकारांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात हमालीपासून संगणकापर्यंतची आणि भातशेतीपासून रिक्षा चालवण्यापर्यंतची कामे थोड्या अंतरात एकमेकांशेजारी चालतात, त्यामुळे या विकाराची बहुतेक रूपे येथे पाहायला मिळतात.

कंबरेच्या भागात पाच मणके असून त्यांच्या खाली त्रिकास्थी असते. दोन मणक्यांमधील चकतीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ, ओलसर गर असतो. प्रौढ माणसाच्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; तिचे पोषण शेजारच्या मणक्यांतून पाझरून येणाऱ्या द्रव्यांवर चालते, आणि म्हणून तिला झालेली इजा सावकाश भरून येते. मणक्यांच्या मागील बाजूस लहान सांधे, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि पाठीचे लांब व आखूड स्नायू असतात. यांपैकी कोणत्याही भागातून वेदना निघू शकते. प्रत्यक्षात मात्र सुमारे 90 टक्के रुग्णांत नेमका कोणता भाग दुखतो आहे हे खात्रीने सांगता येत नाही, आणि अशा कंबरदुखीला अनिर्दिष्ट कंबरदुखी म्हणतात. हे निदान रुग्णाला सहसा पटत नाही, कारण दुखते आहे तर काहीतरी मोडलेले किंवा सरकलेले असणारच अशी त्याची समजूत असते. वास्तविक या गटातील बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.

कामाचे स्वरूप हे एक ठळक कारण आहे. वाशीच्या घाऊक बाजारातील कांदा-बटाटा विभागात गाडी रिकामी करताना हे नीट पाहता येते. गाडीवरचा माथाडी गोणी कडेपर्यंत ओढून आणतो, खालचा कामगार गुडघ्यांत किंचित वाकून पाठ देतो, गोणी त्याच्या पाठीच्या वरच्या भागावर टेकते आणि तो दोन्ही हात मागे नेऊन तिची टोके धरून चालू लागतो. या चालण्यात ओझे कण्याच्या अगदी जवळ असते, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते तितका धोका त्या क्षणी नसतो. धोका अधिक असतो तो गाडीच्या फाळक्यावर उभे राहून, हात लांबवून आणि कमरेत पीळ देऊन गोणी ओढणाऱ्याला. ओझे शरीरापासून जितके दूर, तितका पाठीच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर शेवटी चकत्यांवर दाबाच्या रूपाने पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो धरलेली आहे. 50 किलोपेक्षा जड गोणी उचलण्यास माथाडी संघटनांनी हरकत घेतलेली आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने या कामगारांना मजुरी आणि कल्याणाचे संरक्षण दिले, तरी त्यांच्या कण्याचे संरक्षण अजून गोणीच्या वजनावरच अवलंबून आहे.

शहापूर-मुरबाडकडील भातशेतीत आवणीच्या, म्हणजे रोपे लावण्याच्या, दिवसांत बायामाणसे चिखलात उभी राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेतून वाकलेली असतात. तिथे वजन जवळजवळ काहीच नसते, पण वाकलेल्या स्थितीत तासन् तास राहिल्याने स्नायू थकतात आणि अस्थिबंध ताणले जातात. रिक्षा, बस आणि मालवाहू गाड्यांच्या चालकांना त्याशिवाय गाडीचे हादरे सोसावे लागतात. पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याने रोज दुचाकीवर जाणाऱ्यास हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ऐरोली, महापे, घणसोली येथील कार्यालयांत बसून काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र दोष सरसकट खुर्चीवर टाकला जातो, आणि ते अर्धेच खरे आहे. नुसत्या बसण्याने कंबर बिघडते याचा पुरावा भक्कम नाही. न उठता एकाच स्थितीत काढलेले तास, त्याआधीचा व नंतरचा प्रवास, व्यायामाचा अभाव आणि अपुरी झोप यांची बेरीज अधिक महत्त्वाची ठरते. धूम्रपान, स्थूलता, नैराश्य आणि कामाबद्दलची नाराजी यांचाही कंबरदुखीशी संबंध दिसून आलेला आहे. गरोदरपणात अस्थिबंध सैल होतात आणि शरीराचा तोल पुढे जातो, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत अनेक स्त्रियांची कंबर दुखते.

चकतीच्या कड्याला चीर पडून आतला गर बाहेर डोकावला आणि त्याने मज्जातंतूच्या मुळाला डिवचले, की वेदना पायात उतरते. बोलीत याला ‘मणका सरकला’ किंवा ‘गॅप आली’ असे म्हणतात, पण यात मणका जागचा हलत नाही. बहुतेक वेळा हा प्रकार शेवटच्या दोन चकत्यांत घडतो. मिक्स्टर आणि बार या बॉस्टनच्या दोन शल्यविशारदांनी 1934 मध्ये पायातील या वेदनेचा चकतीशी असलेला संबंध स्पष्टपणे मांडला. तपासणी साधी असते: रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकवता एक पाय हळूहळू वर उचलतात, आणि साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान गुडघ्याच्या खालपर्यंत तीच ओळखीची कळ गेली, तर मज्जातंतूच्या मुळावर ताण असल्याचा संशय बळावतो. केवळ मांडीची शीर ओढल्यासारखी वाटणे हे तसे लक्षण नव्हे.

एमआरआय तपासणीबाबत गैरसमज फार आहेत. 1994 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांच्या चित्रणांपैकी सर्व चकत्या निर्दोष अशी फक्त 36 टक्के निघाली. वयाबरोबर चकत्या सुकणे आणि थोड्या फुगणे हे केस पिकण्याइतकेच सर्वसामान्य आहे. तरीही अहवालातील ‘डीजनरेशन’ (झीज) हा शब्द घरातील सगळे पाळीपाळीने वाचतात आणि रुग्ण त्या दिवसापासून वाकणे सोडतो. कित्येकदा अपाय दुखण्यापेक्षा या भीतीनेच अधिक होतो. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत अशा चित्रणाची सहसा आवश्यकता नसते.

थोड्या रुग्णांत कंबरदुखीमागे विशिष्ट रोग असतो. साठीनंतर कण्यातील नळी अरुंद झाल्यास चालताना दोन्ही पाय भरून येतात आणि जड होतात. ठाण्याच्या गोखले रस्त्याने निघालेले आजोबा चार दुकाने ओलांडून एखाद्या पायरीवर जरा पुढे झुकून बसतात आणि दोन मिनिटांत पुन्हा चालू लागतात, ते बहुधा या विकारामुळे. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीला साधी पाण्याची बादली उचलतानाही मणक्याचा दबून अस्थिभंग होऊ शकतो. चाळिशीच्या आतील व्यक्तीची कंबर पहाटे आखडत असेल आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने मोकळी होत असेल, तर मणक्यांच्या संधिदाहाचा विचार करावा लागतो. आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाला विसरून चालत नाही. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यविशारदाने 1779 मध्ये वर्णन केलेला हा रोग संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन आणि रात्री झोपेतही न थांबणारी वेदना घेऊन येतो. त्यावरची औषधे सरकारी व महापालिका रुग्णालयांत मोफत मिळतात आणि ती साधारणतः वर्षभर घ्यावी लागतात. मूतखड्याची कळही अनेकदा कंबरेतूनच सुरू होते, पण ती लाटांनी येते आणि कुशीतून जांघेकडे सरकते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या भागातील संवेदना जाणे आणि पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे, कारण मज्जातंतूंच्या जुडग्यावरील दाब वेळेत दूर न केल्यास हानी कायमची राहते.

उपचारांत सर्वांत मोठा बदल विश्रांतीबाबत झाला आहे. पूर्वी रुग्णाला आठवडेच्या आठवडे पाटावर किंवा जमिनीवर झोपवत असत. 1986 मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरली, आणि 1995 मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरातील कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत, झेपेल तेवढी रोजची कामे चालू ठेवणारे लोक अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास आराम पडतो. पॅरासिटॅमॉलचा उपयोग मात्र 2014 च्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत निर्गुण गोळीपेक्षा अधिक दिसला नाही. आयबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे काही दिवस उपयोगी पडतात, पण जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात आजाराविषयीचे शिक्षण, व्यायाम, मर्दन आणि मानसोपचार यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजने टांगून कणा ताणणे यांची शिफारस त्यात नाही. औषधांच्या दुकानांत टांगलेल्या पट्ट्यांची रांग पाहता हे मत अद्याप फारसे पोहोचलेले दिसत नाही.

व्यायामाचा कोणता प्रकार श्रेष्ठ, यावर वाद घालण्यापेक्षा जो नियमितपणे होईल तो निवडावा. ऑस्ट्रेलियातील 701 प्रौढांवरील, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याने दुखणे पुन्हा उद्भवण्यापर्यंतचा कालावधी 112 दिवसांवरून 208 दिवसांपर्यंत लांबला. त्यासाठी खर्च लागत नाही. मासुंदा तलावाचा काठ, उपवन, वाशीचे सागर विहार किंवा नेरुळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यान पुरेसे आहे. योगासनांचाही मध्यम प्रमाणात लाभ आढळलेला आहे, आणि ठाण्यात अंबिका योग कुटीर व घंटाळी मित्र मंडळ यांच्यामुळे योगवर्गांची परंपरा जुनी आहे. भुजंगासन, शलभासन यांसारखी पाठ मागे नेणारी आसने अनेकांना मानवतात. पायात कळ असताना पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने टाळणे बरे.

कमरेत एकाएकी भरणारी उसण ही अल्पकालीन कंबरदुखीच होय. तिच्यावर पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या व्यक्तीचा, पाय लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात खेडोपाडी आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांतही आढळते. निर्गुंडीचे तेल, मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि आयुर्वेदातील कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवण्याचा उपचार) यांतील उष्णता व मर्दन यांमुळे स्नायू सैल होण्यास मदत होते. पायाळूच्या पायाला मिळणारे यश मात्र उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच उतरते यामुळे आहे. महागड्या यंत्रोपचारांच्या यशाचा काही भागही याच खात्यावर मांडावा लागतो.

शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते. पायातील शक्ती घटत असेल, किंवा सहा ते बारा आठवडे उपचार करूनही पायाची कळ असह्य राहिली असेल, तर चकतीचा बाहेर आलेला भाग लहान छेदातून काढतात. 2007 मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना पायाच्या वेदनेतून आधी सुटका मिळाली, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. त्यामुळे पायातील शक्ती न घटलेल्या रुग्णापुढे प्रश्न उरतो तो वेदनेचे काही महिने सोसण्याची त्याची तयारी आहे का आणि तेवढे दिवस काम थांबवणे त्याच्या घराला परवडते का, एवढाच. केवळ कंबर दुखते आणि पायात काही नाही, अशा रुग्णाला या शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही.