चेनच्या गाडीचं ऑइल बघा, बेल्टच्या गाडीची तारीख

बडोद्यात जुनी गाडी बघायला गेलात की विकणारा हमखास सांगतो, "चेनवाली आहे, बघायलाच नको." हे अर्धंच खरं आहे.

ही चेन म्हणजे इंजिनातली टायमिंग चेन; काही गाड्यांत तिच्या जागी टायमिंग बेल्ट असतो. चेन असो वा बेल्ट, काम एकच. पिस्टनना जोडलेल्या दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, तोही नेमक्या क्षणी. ३,००० आरपीएमला (मिनिटाला क्रँकशाफ्टचे ३,००० फेरे) प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. हल्लीच्या बहुतेक इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह जिथे येतो, तिथेच पिस्टनही वर येतो. मेळ तुटला की दोघांची टक्कर होते, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावं लागतं.

मॉडेलच्या नावावर जाऊ नका, इंजिन विचारा. जुनी १.१ लिटरची वॅगन-आर बेल्टची, के-सीरिज इंजिनची चेनची. आय-टेन १.१ बेल्टची, १.२ ‘कप्पा’ इंजिनची चेनची. जुनी इनोव्हा २.५ डिझेल बेल्टची, क्रिस्टा २.४ चेनची. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे, डस्टर १.५ डिझेल आणि पोलो १.५ टीडीआयला बेल्ट.

चेन सहसा तुटत नाही, लांबते. लोखंड ताणलं जातं असं नाही, सांध्यातल्या पिना झिजतात. दीडशे सांध्यांत प्रत्येकी ०.०२ मिमी ढिलाई आली तरी लांबी ३ मिमीने वाढते. ही ढिलाई चेन ताणून धरणारा टेन्शनर खेचून घेतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याला जोर मिळतो तो ऑइलच्या दाबाचा. ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा पातळी खाली गेली, की पिनाही झिजतात आणि टेन्शनरही ढिला पडतो. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी उतरते, म्हणून तिथे हे जास्त लवकर होतं. पुढे चेन चाकाचा दात सोडून सरकते आणि मेळ तुटतो.

इथे किलोमीटरचा आकडाही फसवतो. मुंबई महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने ८०,००० किमी धावलेल्या गाडीचं इंजिन सुमारे १,३०० तास चाललेलं असतं. तेवढेच किमी मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत ताशी २० ने झाले असतील, तर ४,००० तास. मीटर दोघांचं सारखंच. आमच्या मते शहरात वापरलेल्या चेनच्या डिझेलपेक्षा बिलांसकट मिळणारी बेल्टची गाडी बरी.

चेनची गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने ती आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद खडखड झाली तर हरकत नाही. ती थांबलीच नाही, किंवा रेस दिल्यावर परत आली, तर चेन, तिला वाटेत धरणारे गाइड नाहीतर टेन्शनर गेलेत. इंजिन ऑइल भरायची फिलर कॅप उघडून आत बघा: काळा, चिकट गाळ असेल तर ती गाडी सोडा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर पी००१६ कोड म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडलाय. सेन्सरमुळेही तो येतो, पण ते शोधणं विकणाऱ्याचं काम.

बेल्टचं दुखणं वेगळं. तो रबराचा, आत काचेच्या तंतूंची दोरी. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं, आणि मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या बडोद्यात बॉनेटखाली आणखी लवकर. म्हणून मॅन्युअलमध्ये किमीबरोबर वर्षंही दिलेली असतात. जे आधी येईल ते धरायचं. वरचं कव्हर काढून भेगा, सुटलेले धागे आणि ऑइलचा ओलावा बघा. ऑइल लागलेला बेल्ट नवा असला तरी बाद. पण दिसायला धड असलेला बेल्टही वयाने संपलेला असू शकतो, म्हणून बेल्ट बदलल्याचं बिल लागतंच. बिलात टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ज्यावरून फिरतो ती कप्पी) आहेत का बघा. डस्टरच्या डिझेलसारखा वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल, तर तोही हवा. नाहीतर पंपाचं बेअरिंग जाम होऊन नवा बेल्ट घेऊन जातं.

बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा. बेल्टचं किट, पंप, कूलंट आणि मजुरीचं कोटेशन सौद्याआधी गॅरेजमधून आणा, तेवढी रक्कम किमतीतून कापा आणि गाडी लांब पल्ल्यावर नेण्याआधी काम करून घ्या.