मागील टायरची निवड व प्रोफाइल (स्पोर्ट मोटारसायकल)

स्पोर्ट मोटारसायकलीचा झिजलेला मागील टायर बदलताना माप, आडछेदाचा आकार, आतल्या धाग्यांची रचना आणि रबराचे मिश्रण यांचा एकत्र विचार करावा लागतो. मोटारसायकल झुकून वळते, म्हणून तिच्या टायरचा माथा मोटारीच्या टायरसारखा सपाट नसून कमानदार असतो. या कमानीच्या आकारालाच प्रोफाइल म्हणतात. माथा उभट असला की गाडी चटकन झुकते, पसरट असला की सरळ रस्त्यावर ठाम राहते. सातारा-सांगली परिसरात महामार्ग आणि घाट दोन्ही रोजच्या वापरात असल्याने हा भेद येथील चालकांना पुस्तकाशिवायही ठाऊक असतो.

मापाचे वाचन : ‘१५०/६० आर१७ ६६एच’ या मापात १५० ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही त्या रुंदीच्या टक्केवारीत आडछेदाची उंची, आर म्हणजे रेडियल (आतले धागे त्रिज्येसारखे असलेला) आणि १७ हा रिमचा इंचातील व्यास. ६६ हा भारांक ३०० किग्रॅ. दर्शवतो, तर एच हे अक्षर ताशी २१० किमी. वेगमर्यादा. या आकड्यांतून कमानीचा बाक मात्र कळत नाही. उंची रिमच्या बैठकीपासून माथ्याच्या टोकापर्यंत मोजतात आणि कमान तिच्यातच धरलेली असते. त्यामुळे एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरपैकी एक टोकदार, तर दुसरा गोलसर असू शकतो. दुकानात केवळ आकडे जुळवून समाधान मानणे अपुरे ठरते ते यामुळे.

रेडियल टायरचा उगम : याविषयी एकमत नाही. धागे चाकाच्या मध्यापासून त्रिज्येसारखे बाहेर जाऊ देण्याची कल्पना ब्रिटनमध्ये ग्रे व स्लोपर यांच्या १९१३च्या सुमाराच्या पेटंटात आढळते. अमेरिकेत आर्थर सॅव्हेज यांचे नावही पुढे केले जाते. व्यवहारात टिकलेला मोटारीचा रेडियल मात्र मिशेलिन कंपनीचा. त्याचे पेटंट १९४६चे आहे. मोटारसायकलीकडे हे तंत्र यायला आणखी साडेतीन दशके लागली, कारण झुकलेल्या गाडीच्या टायरची बाजू लवचिक असून चालते, पण लिबलिबीत असून चालत नाही. येथेही पहिलेपणाचे दोन दावे आहेत. पिरेली कंपनीचा एमपी७ हा टायर १९८३च्या आसपासचा मानतात. मिशेलिनने १९८४च्या ग्रां प्री हंगामात रेडियल टायर वापरले आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९८७मध्ये आणले. शर्यतीचा टायर आणि दुकानात मिळणारा टायर वेगळे धरले, तर पिरेलीचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. मागील टायरमध्ये परिघाला समांतर गुंडाळलेली पोलादी तार नंतर रूढ झाली. ती बहुधा १९९०च्या दशकातली. या तारेमुळे वेगात टायरचा माथा बाहेरच्या बाजूस फुगत नाही.

रुंदी वाढवण्याचा प्रश्न : ‘टायर जाड, तर पकड जास्त’ हा समज सर्वत्र आहे. जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. रुंदीने त्याचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. शिवाय टायर रुंद असला की टेकणारा भाग वळणाच्या आतल्या बाजूस अधिक सरकतो आणि त्याच वेगाला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते.

यामाहा आर१५च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मागे १४०/७० आर१७ माप येते. त्याजागी १५०/६० बसवण्याची हौस बरीच दिसते, कारण केटीएम आरसी ३९० आणि टीव्हीएस अपाची आरआर ३१० यांना तेच माप आहे. गणित मात्र वेगळे सांगते. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. त्यात दोन्हीकडची उंची मिळवली की १४०/७०चा व्यास ६२७.८ मिमी. येतो आणि १५०/६०चा ६११.८ मिमी. म्हणजे टायर रुंद झाला, पण बुटका झाला. गाडीची मागची बाजू ८ मिमी. खाली बसते. दोन चाकांतील अंतर १,३२५ मिमी. धरल्यास पुढच्या फोर्कचा कल अंशाच्या सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो आणि गाडी वळणात शिरायला किंचित आळशी होते. परिघ अडीच टक्क्यांनी घटल्याने त्याच आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना) वेगही तेवढाच कमी मिळतो. रिम अरुंद असेल तर टायरच्या कडा आत आवळल्या जाऊन माथा कंपनीने आखल्यापेक्षा टोकदार होतो. चेन किंवा मडगार्ड घासणे ही नंतरची अडचण.

मोठ्या गाड्यांत याच्या उलट घडलेले दिसते. १९९८च्या यामाहा आर१ला १९०/५० माप होते. पुढे लिटर गटातील (सुमारे १,००० सीसी इंजिनाच्या) गाड्यांत १९०/५५ येत गेले. रुंदी तीच, उंची ९५ ऐवजी १०४.५ मिमी. म्हणजे कमानीला जागा मिळाली आणि कडेवरचा उपयोगी भाग वाढला. रुंदीपेक्षा उंची व कमान यांना महत्त्व देणारा पक्ष यावरून बळकट ठरतो. पुढचा टायर क्रॉसप्लाय (तिरपे, एकमेकांना छेदणारे धागे असलेला) व मागचा रेडियल अशी जोडीही अनेक जण बसवतात. कंपनीने तशी मुभा दिली नसेल तर ती टाळलेली बरी.

सातारा-सांगलीतील वापर : पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा, कराड, पेठ असा सरळ प्रवास करणाऱ्याचा टायर मधोमध झिजून चौकोनी होतो. ट्रेड (माथ्यावरील खाचांची खोली) शिल्लक दिसतो, पण कमान गेलेली असते. असा टायर घेऊन वाईहून पसरणी घाट चढताना किंवा यवतेश्वरवरून कासकडे जाताना वळणात गाडी आधी अडते आणि मग एकदम कलते. पावसाळ्यात महाबळेश्वरकडे वर्षाला पाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण-खटावकडे रस्ते बराच काळ कोरडे असतात. त्यामुळे एकाच जिल्ह्यात टायरची गरज वेगळी. पहिल्यासाठी खाचा भरपूर असलेला, पावसात पकड देणारा स्पोर्ट-टूरिंग टायर योग्य; मध्यभागी कठीण आणि कडांना मऊ रबर असलेला दुहेरी मिश्रणाचा टायर महामार्ग व घाट दोन्हींना पुरतो. शर्यतीचे अतिमऊ टायर येथे वाया जातात. सांगली, वाळवा भागात गळीत हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस आणि चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती यांवर कोणत्याच प्रोफाइलचा इलाज चालत नाही.

खरेदी : दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिमी. ट्रेड असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. घाटात फिरणाऱ्याने तिथपर्यंत थांबू नये. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह लागते. जून २०२०पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे. १५०/६० देशी कंपन्यांचे मिळते. बंधनाची झळ मुख्यतः १८० व १९० मापांना बसते. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. बाणाची दिशा पाहून टायर बसवतात, हवा स्विंगआर्मवरील (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरील) पट्टीप्रमाणे भरतात, आणि पहिले दीडशेएक किमी. नवा पृष्ठभाग खरवडेपर्यंत गाडी हळूहळू झुकवत नेतात.