कॅरव्हॅनची कापडी पडवी : पार्श्वभूमी

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर कोल्हापूरकरांचे तळ पडतात, तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. ट्रक किंवा टेम्पो उभा राहिला की पाण्याची घागर उतरवण्याआधीच ताडपत्रीची एक कड फाळक्यावरच्या आडव्या गजाला बांधली जाते, दुसरी कड दोन बांबूंवर चढते, तणावे ओढून मेखा ठोकल्या जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडीच्या कुशीला एक खोली उभी राहते. त्या खोलीत नैवेद्य रांधला जातो, म्हातारी माणसे टेकतात, पोरे खेळतात. गाडीत सामान आणि झोप, बाकीचा सगळा संसार ताडपत्रीखाली. मोटारीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराला, म्हणजे कॅरव्हॅनला, जे ऑनिंग, म्हणजे गाडीच्या कडेला जोडायचा कापडी निवारा, लावतात त्याचे मूळ कामही हेच आहे. म्हणून ते घेऊ पाहणाऱ्याने सुरुवात कॅटलॉगातल्या चित्रांपासून न करता आपला मुक्काम किती दिवसांचा आणि कोणत्या ऋतूत, या प्रश्नापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

कापडी निवाऱ्याचे शब्द आपल्या भाषेत जुने आहेत. उभी कापडी भिंत ती कनात, चारी बाजूंनी मोकळे छत तो शामियाना, दोन्हीकडे उतार असलेला लहान तंबू ती राहुटी आणि दोन काठ्यांवर तोललेले फिरस्त्यांचे ते पाल. आजच्या ऑनिंगचे प्रकार या शब्दांत सहज बसतात. नुसते छत बाहेर येते तो शामियाना, त्याला तिन्ही बाजूंनी भिंती लावल्या की कनात आणि दारापुरता अडोसा केला की आपली पडवी.

मोठ्या तंबूंची या मुलखात काय गत होते, याचा कठोर दाखला १७०२ सालचा आहे. विशाळगड, ज्याला मोगल खेळणा म्हणत, हाती आल्यानंतर औरंगजेबाचे लष्कर ऐन जून-जुलैच्या पावसात पन्हाळ्याकडे परत निघाले. बादशाही छावणीची रीत अशी होती, की तंबूंचे दोन संच बाळगायचे, एक चालू मुक्कामावर आणि दुसरा, ज्याला पेशखाना म्हणत, पुढच्या मुक्कामावर आधीच उभा. उत्तरेच्या मैदानात ही व्यवस्था उत्तम चालत असे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मात्र ओढे फुगले, जनावरे चिखलात रुतली आणि आठवड्यात सहज तुटावे एवढे अंतर काटायला लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. सुती तंबू भिजला की त्याचे ओझे कितीतरी वाढते, आणि ज्या मुक्कामावर ऊन पडत नाही तेथे तो वाळतही नाही. कापडाच्या निवाऱ्याची ही मूळ अडचण तीनशे वर्षांनंतरही सुटलेली नाही. तिचे स्वरूप तेवढे बदलले आहे.

हौसेच्या कॅरव्हॅनचा इतिहास ब्रिटनमध्ये सुरू होतो. १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याने डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ‘वाँडरर’ नावाची, घोड्यांनी ओढायची गाडी बांधली. निव्वळ फिरण्याच्या आनंदासाठी बांधलेली ती पहिली कॅरव्हॅन मानली जाते. १९०७ मध्ये तेथे कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला आणि १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायची कॅरव्हॅन विक्रीला आणली. मोटारीने ओढायचे म्हटल्यावर वजन आणि लांबी-रुंदी आवाक्यात ठेवणे भाग पडले. आत बसायला, ओले जोडे काढायला, मुलांना खेळायला जागा उरेना. ती जागा कापडाने दिली, कारण घडी करून ठेवता येणारी खोली वाटेत कुठे अडत नाही.

या गरजेतून जी जोडणी रूढ झाली ती आजही कायम आहे. कॅरव्हॅनच्या कडेला, छताच्या रेषेने अॅल्युमिनियमची एक अरुंद पन्हळ जाते. ऑनिंगच्या कापडाच्या कडेत दोरीसारखी गोल पट्टी शिवलेली असते. ती एका टोकाकडून पन्हळीत ओवून सरकवत नेली, की कापड गाडीला असे बसते की फटीतून पाणी येत नाही. पूर्ण लांबीच्या ऑनिंगचे मापही या पन्हळीवरूनच घेतात. गाडी समतल उभी करून, मागच्या बाजूला जमिनीवर टेप धरायची, ती पन्हळीच्या कडेकडेने छतावरून पुढे न्यायची आणि पुन्हा जमिनीपर्यंत उतरवायची. येईल तो आकडा सेंटिमीटरमध्ये सांगायचा. गाडीची नुसती लांबी सांगून मागवलेले ऑनिंग बसत नाही.

कापडाचा इतिहास जास्त महत्त्वाचा आहे, कारण निवड खरी तेथेच होते. आधी सुती कॅनव्हास होता. त्याचे धागे भिजल्यावर फुगतात आणि विणीतली बारीक छिद्रे बुजतात, म्हणून नवा कॅनव्हास वापरण्याआधी एकदा पूर्ण भिजवून वाळवण्याची पद्धत आहे. असे कापड श्वास घेते, उन्हात आत कोंदटत नाही, पण जड असते आणि ओले गुंडाळले तर बुरशीने काळे पडते. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये पॉलिस्टर धाग्याचा शोध लागला. पुढे त्यावर पाणी अडवणारा लेप देऊन हलके, स्वस्त आणि लवकर वाळणारे कापड निघाले. त्याचा दोष असा, की आतल्या माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर पडत नाही आणि पहाटे छताला आतून घाम फुटतो. नवख्या माणसाला वाटते की ऑनिंग गळते आहे. रंगवलेल्या अॅक्रिलिक धाग्याचे कापड या दोन्हींच्या मधले. ते उन्हात लवकर विटत नाही, हवाही खेळू देते, पण महाग पडते. १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झालेले इचलकरंजी आपल्यापासून तासाभराच्या आत असल्यामुळे, कापड हातात धरून, वीण उजेडाकडे करून पाहण्याची सोय कोल्हापूरकराला आहे. तिचा उपयोग करावा.

सांगाड्याचे तीन प्रकार आज चालतात. एक धातूच्या दांड्यांचा, दुसरा हवा भरून ताठ होणाऱ्या नळ्यांचा आणि तिसरा गाडीला कायम बसवलेल्या नळकांड्यातून हँडल फिरवून बाहेर येणाऱ्या छताचा. युरोपात एकाच जागी दोन-तीन आठवडे राहणारी कुटुंबे पहिले दोन घेतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्त आहे. आपल्याकडे आज ज्योतिबा, उद्या दाजीपूर, परवा आंबोली अशी फिरती असते. तेथे हँडलचे छत किंवा दारापुरती पडवी बरी, भिंती गरजेप्रमाणे वेगळ्या जोडता येतात.

परदेशी बनावटीचे घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून गाडीचे दार आणि ऑनिंग डावीकडे हवे. ब्रिटिश कॅरव्हॅनचे दार तसेच असते, मात्र युरोपच्या मुख्य भूमीवरच्या गाड्यांचे उजवीकडे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या गाड्यांविषयी चौकशी वाढली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पन्हळ, कंस, दांड्या करून देणारे कारागीर आहेत आणि ट्रकची हुडे शिवणारेही आहेत. हूड शिवणाऱ्याला एवढेच सांगावे लागते, की शिवण पाण्याच्या उताराला आडवी येऊ देऊ नये.

येथला खरा परीक्षक वळीव. मे महिन्यात पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका शेतात आम्ही मुक्कामाला होतो. दुपारभर पान हलत नव्हते, म्हणून हँडलचे छत पूर्ण बाहेर काढून त्याचे दोन्ही पाय सारख्या उंचीवर ठेवले होते. चारच्या सुमारास पश्चिमेकडे आभाळ काळवंडले, आधी धुळीचा लोट आला, मग टपोरे थेंब आणि गारा. छताच्या मधोमध झोळी झाली, ती बघता बघता वाढली आणि छत तोलणारा डावीकडचा धातूचा हात कोपरात वाकला. हिशोब सोपा होता, पण आम्ही तो आधी केला नव्हता. तीन मीटर बाय अडीच मीटरचे छत म्हणजे साडेसात चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, तेव्हा २० मिलिमीटरच्या सरीत, पाणी वाहून गेले नाही तर, दीडशे किलो वजन त्या कापडावर बसते. तेव्हापासून एक पाय नेहमी वीतभर खाली ठेवतो, म्हणजे पागोळ्या एकाच कोपऱ्यातून पडतात. वारा उठण्याची चाहूल लागली की छत आत घेतो, कारण खालून वारा शिरलेले छत शिडासारखे वागते आणि गाडीचा पत्रा सोबत उचकटते.

मेखांचेही तसेच. पन्हाळ्याकडच्या जांभ्यात हलकी मेख वाकते, तेथे लोखंडी गज तासून केलेली लागते. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत तीच मेख भिजल्यावर लोण्यातून निघावी तशी वर येते, तेव्हा तेथे लांब आणि रुंद पात्याची मेख, तणाव्याच्या उलट दिशेला कलती ठोकावी. भिंती लावलेल्या ऑनिंगमध्ये शेगडी किंवा कोळसा पेटवू नये. आतला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. यल्लम्माच्या डोंगरावरची ताडपत्री तीन बाजूंनी उघडी असते, म्हणून तेथे चूल चालते.

परतीच्या दिवशी कापड ओलेच गुंडाळावे लागले, तर घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी ते गच्चीवर पसरावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर सोप्यात दोरी बांधून, पंखा लावून दोन दिवस टांगावे, आणि शिवणीत बोट घालून कोरडी लागल्यावरच घडी करावी.