फसफसलं म्हणजे साफ झालं?

वास मारणाऱ्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाका, फेसाने घाण निघते, असं सांगितलं जातं. फेस डोळ्यांना दिसतो, म्हणून पटतंही. पण तो कार्बन डायऑक्साइडचा. व्हिनेगरमधलं आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात. नळावरच्या पांढऱ्या क्षाराची खपली नुसत्या व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे येतील. भरपूर सोडा घालून फेस शमलेल्या मिश्रणात ती तशीच पडून राहते.

वास मुळात साबण-सॉफ्टनरच्या चिकट थराचा. दाराच्या रबराची खालची घडी उलटून बोट फिरवा, काळपट बुळबुळीत लागेल. ती पुसा. खालचा फिल्टर धुवा (पाणी थंड असतानाच, खाली ताट ठेवून). मग रिकामं मशीन ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं ब्लीच) घालून किमान 60 अंशांवर चालवा. एरवी दार उघडं ठेवा.