दख्खनी खेकडा

(बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस). गेकार्सिन्युसिडी कुलातील, बिळात राहणारा गोड्या पाण्याचा खेकडा, कन्नडमध्ये एडी. पाठीवर शंख वागवणाऱ्या भूचर खेकड्यांशी (सीनोबिटा) त्याचे नाते दूरचे. त्यांच्या अळ्या समुद्रातच वाढतात, म्हणून ते किनाऱ्यापासून फार आत सरकत नाहीत. दख्खनी खेकड्याची मादी थोडी पण मोठी अंडी उदराच्या झाकणाखाली बाळगते. अळीची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतात ती खेकड्याचीच पिल्ले. घाटमाथ्यावर वस्ती शक्य झाली ती यामुळे.

डब्ल्यू. एच. साइक्स यांनी दख्खनमधील भूचर खेकड्यांची माहिती दिली आणि जे. ओ. वेस्टवुड यांनी त्यांना थेल्फुसा क्युनिक्युलॅरिस हे नाव दिले. वर्ष सामान्यतः १८३६ धरतात. बॅरिटेल्फुसा हा गट ए. आल्कॉक यांचा (१९०९). त्यांनी तो पोटॅमोनिडी कुलात घातला होता, पुढे पॅराथेल्फुसिडी हे कुलनामही चालले. बॅ. गुएरिनी या जवळच्या जातीशी गल्लत जुनी आहे. पूर्वीची वर्णने कवचाचा फुगीरपणा, कपाळपट्टी व दाते यांवर बेतलेली. ही लक्षणे वयाप्रमाणे बदलतात. नराच्या पहिल्या जननपादाचा (मीलनासाठीच्या उदरावरील पायाचा) आकार अधिक भरवशाचा, म्हणून केवळ कवचावरून केलेल्या स्थानिक याद्या जपून वापराव्यात.

बेळगाव जिल्ह्यात अशा खेकड्यांना मानवणारा भाग म्हणजे खानापूर तालुक्याचा पावसाळी पश्चिम पट्टा: जांबोटी, मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, जांभ्या खडकातले ओढे आणि भातखाचरांचे बांध. बीळ ओल लागेपर्यंत खोल जाते. उन्हाळा खेकडा आतच काढतो. कल्ल्यांची पोकळी हवेतही श्वसनाला उपयोगी पडते, मात्र ती ओली राहावी लागते.

बांधातले बीळ आरपार झाले की वरच्या खाचरातले पाणी त्यातून वाहते, भोक रुंदावते आणि बांध खचतो. नुसते तोंड बुजवून भागत नाही, कारण आतली पोकळी तशीच राहते. बीळ वरून उकरून ओली चिकणमाती थराथराने भरावी व तुडवावी. पेंढा कोंबू नये. तो कुजला की वाट पुन्हा मोकळी होते.

पहिल्या पावसात खेकडे रात्री बाहेर पडतात, तेव्हा बॅटरीच्या उजेडात धरतात. नराच्या उदराचे झाकण अरुंद, मादीचे रुंद व गोल. त्याखाली अंडी किंवा पिल्ले दिसल्यास मादी सोडणे इष्ट. स्वयंपाकात कल्ले काढून टाकतात. मांस पूर्ण शिजवणे आवश्यक, कारण गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसकृमीच्या (पॅरागोनिमस) अळ्या असू शकतात. मीठ, लिंबू किंवा व्हिनेगर यांत मुरवल्याने त्या मरतीलच असे नाही.