हरकत कोणाची धरायची?

समाजमाध्यमांनी खरंच काही बदलतं का, हा वाद मुंबईत निघाला की गाडी आरेवर, म्हणजे गोरेगावच्या आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी (गाड्यांच्या आगारासाठी) तोडलेल्या झाडांवर येऊन थांबते. एक जण म्हणतो, हॅशटॅग नसता तर त्या झाडांची बातमी गोरेगावच्या बाहेर गेली नसती. दुसरा म्हणतो, झाडं तर पडलीच. दोघंही खरं बोलतात आणि वाद जागचा हलत नाही. माझ्या मते घोळ एका सरकारी शब्दात आहे: हरकत. निर्णयाआधी सरकार लोकांकडून मागवतं त्या ‘हरकती व सूचना’ मधली.

लांबचा इतिहास थोडक्यात. १८८४ मध्ये इथल्या गिरणी कामगारांनी रविवारची सुट्टी मागणारा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. मधली सहा वर्षं सभा झाल्या, निवेदनं गेली आणि कामगारांची बाजू छापणारं एक साप्ताहिक तग धरून राहिलं. अर्जाचा मजकूर एक आणि खाली हजारोंच्या सह्या, ही तेव्हाची रीत. ती लक्षात असू द्या, पुढे लागेल. त्यानंतरचा गिरणगावाचा आणि संयुक्त महाराष्ट्राचा काळ सगळ्यांना पाठ आहे, तो सोडतो.

समाजमाध्यमांच्या काळातली पहिली मोठी खूण पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या चार ओळींसाठी दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं ‘लाइक’ केलं होतं. देशभर ओरड झाली, पण इंटरनेटवरच्या ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं ते मार्च २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात, रीतसर याचिकेवर. रद्द झालेल्या त्या कलमाखाली पोलिस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये न्यायालयालाच त्याचा धक्का बसला.

त्याच २०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. चुका इतक्या की वारसा यादीतल्या इमारतीही नकाशावरून गायब होत्या. आरेची जमीन बांधकामाला खुली करायचा बेतही त्यातच होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हरकतीचा नमुना टाकला, सेक्रेटरीकाकांनी झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या आणि दारोदार फिरून ४३ सह्या आणल्या. वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर मी त्यांच्यासोबत होतो. खिडकीतल्या बाईंनी वरच्या चार-पाच प्रती चाळल्या. ‘काका, सगळ्यांचा मजकूर एकच आहे.’ काका म्हणाले, ‘मग? घरंही एकाच बिल्डिंगमधली आहेत.’ बाईंनी पुढे काही न बोलता ४३ शिक्के मारले आणि ४३ पोचा दिल्या. शहरभरातून अशा ६० हजारांहून अधिक हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्तीसाठी मागे घ्यायला लावला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. हे यश फेसबुकचं की झेरॉक्सचं? मी झेरॉक्सला झुकतं माप देतो.

आता आरे. २९ ऑगस्ट २०१९ ला महापालिकेच्या झाडांविषयीच्या समितीने कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं दुसरीकडे लावायला परवानगी दिली. त्याआधी ८० हजारांच्या वर हरकती आल्या होत्या, त्यातल्या बहुतेक ई-मेलने. एका संकेतस्थळावर जायचं, नाव भरायचं, बटण दाबायचं, की तयार मजकूर महापालिकेच्या पत्त्यावर. प्रकल्पाच्या बाजूने लगेच विचारणा झाली, एकाच ठिकाणाहून आलेल्या एकाच मजकुराच्या मेलना वेगळ्या हरकती कशा म्हणायच्या? प्रश्न अगदीच खोटा नव्हता. बटण दाबणाऱ्यांतल्या किती जणांनी आरे पाहिलं असेल, हे मीही छातीठोक सांगू शकत नाही. पण १८८४ च्या अर्जाचा मजकूर साडेपाच हजारांनी स्वतः लिहिला नव्हता आणि आमच्या ४३ प्रतींचाही नव्हता. एकसारख्या मजकुराला झेरॉक्सवर हरकत म्हणायचं आणि मेलवर गोंगाट, हा फरक झाडांच्या १९७५ च्या कायद्यातून येत नाही. त्या कायद्याला वर्तमानपत्रातली जाहीर सूचना ठाऊक आहे, झाडावर लावलेली नोटीस ठाऊक आहे. बटणाचा त्यात पत्ताच नाही. मतदानानंतर समितीतल्या दोन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. त्याची चर्चा मात्र मेलच्या आकड्याइतकी झाली नाही.

४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने चारही याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. अंधारात हलणारे टॉर्च आणि यंत्राची घरघर असलेला एक व्हिडिओ मला आला, तोवर माणसं पोचलीही होती. व्हॉट्सअॅपने त्या रात्री जे केलं ते कोणत्याही पत्रकाला जमलं नसतं, हे मान्यच करायला हवं. त्यातच परवानगीनंतर तोडीआधी थांबायच्या पंधरा दिवसांच्या मुदतीचा वाद पेटला. आंदोलकांचं म्हणणं, परवानगीचा आदेश संकेतस्थळावर आज चढवला, मुदत आजपासून मोजा. प्रकल्पाच्या प्रमुखांनी ट्विटरवरूनच उत्तर दिलं, आदेश १३ सप्टेंबरचा, मुदत २८ ला संपली. म्हणजे लोकांचा मेल अर्ज म्हणून कच्चा, आणि अधिकाऱ्यांचं ट्वीट खुलासा म्हणून पक्कं.

जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने सुट्टी असूनही सुनावणी घेतली आणि तोड थांबवली. निमित्त होतं कायद्याच्या एका विद्यार्थ्याचं पत्र. पत्र, लक्षात घ्या. तोवर २,१४१ झाडं गेली होती.

पुढचं राजकारण झपाट्याने घडलं. सरकार बदललं, काम थांबलं, कारशेड कांजूरमार्गला गेली, तिथे न्यायालयाची स्थगिती आली, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ८४ झाडांची परवानगी असताना १७७ झाडांसाठी अर्ज केला म्हणून, प्रकल्पाला १० लाखांचा दंड केला. त्या १७७ झाडांना हात लावायची मुभाही त्याच आदेशात दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाड्या धावू लागल्या. मीही बसतो त्यात.

पदरात काय पडलं तेही सांगायला हवं. आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन झाली. ज्या जागेला ‘जंगल’ म्हणायला वर्षानुवर्षं टाळाटाळ चालली होती, तिथे तो शब्द कागदावर आला. २०२१ मध्ये झाडांचा कायदा सुधारला आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज म्हणून वेगळं संरक्षण मिळालं.

मेलचं कोडं मात्र सुटलं नाही, उलट चिघळलं. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर हरकती मागवल्या, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांच्या खात्यात एकाच विषयाचे मेल येऊन पडू लागले. पोलिसांत तक्रार झाली. मोहीम चालवणाऱ्या तरुणांच्या गटाला दिल्ली पोलिसांनी थेट यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली नोटीस धाडली. पुढे ती कारकुनी चूक होती म्हणून मागे घेतली.

सेक्रेटरीकाकांनी २०१५ च्या पोचा अजून फायलीत लावून ठेवल्यात. परवा सोसायटीचं कपाट आवरताना त्यांनी मला २०१९ च्या माझ्या मेलची प्रत मागितली, त्याच फायलीला लावायला. संकेतस्थळाचं ‘आभारी आहोत’ तेवढं सापडलं. ते छापून दिलं. काकांनी सवयीने पेन काढलं, आवक क्रमांकाची जागा शोधली आणि कागद तसाच परत दिला.