उन्हाने त्वचा भाजणे आणि घरगुती उपचार

उन्हाने त्वचा भाजणे, बोलीत ऊन पोळणे आणि हल्ली सर्रास सनबर्न, म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्वचेला होणारी इजा. ही इजा उष्णतेची नव्हे. १८२० च्या सुमारास एव्हरर्ड होम या इंग्रज शल्यवैद्याने आपला एक हात उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली झाकून उन्हात धरला. कापडाखाली पारा जास्त चढला, पण भाजला तो उघडा हात. तव्याचा चटका बसताक्षणी कळतो; उन्हाचा कळतो तो घरी परतल्यावर.

मुख्य दोष २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्हीबी किरणांचा. ते बाह्यत्वचेच्या पेशींमधील डीएनए बिघडवतात. फार बिघडलेल्या पेशी मरतात, प्रोस्टाग्लँडिनसारखी दाहकारक द्रव्ये सुटतात आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. लाली, ऊब आणि ठणका येतो तो यातून. त्रास साधारण ३ ते ५ तासांनी सुरू होतो, १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचतो, तिसऱ्या दिवशी ओसरू लागतो आणि आठवडाभरात सालपटे निघतात. म्हणजे लक्षण दिसेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. घरच्या उपचाराने ती पुसता येत नाही. दाह कमी करता येतो आणि त्वचेला तिचे दुरुस्तीचे काम निर्वेध करू देता येते.

मे महिन्यात तारकर्लीला स्नॉर्केलिंग करणाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. तोंड पाण्यात, पाठ आभाळाकडे, अंगाला गार पाणी. अर्धा-पाऊण तास काहीच जाणवत नाही. रात्री खांद्यावर चादर टेकली तरी कळ येते, पोटऱ्या ताठरतात आणि पाठीवर बनियनच्या पट्ट्यांचा आकार उमटलेला असतो. याच महिन्यात महाराष्ट्रातून शून्य सावलीचा दिवस जातो. दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि अतिनील किरणांचा मारा तीव्र असतो. थंडी वाजत असतानाही हेच घडू शकते. रोहतांगसारख्या जवळपास ४,००० मीटर उंचीच्या खिंडीत हवा विरळ असते (उंची हजार मीटरने वाढली की हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात) आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे तिथे हनुवटीची आणि नाकाची खालची बाजूही पोळते.

‘आपली कातडी सावळी, आपल्याला कुठले सनबर्न’ हा समज घातक आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन संरक्षण देते, पण अर्धवट. सावळ्या त्वचेवर लाली लपते. ती जागा नुसती काळपट-तांबूस दिसते. हात लावला तर गरम लागते, ताणल्यासारखी वाटते, झोंबते. याला टॅन समजून बेसन, लिंबू, स्क्रब यांनी घासून काढणे म्हणजे जखमेला खरवडणेच. लिंबाची तर वेगळीच भीती आहे. त्याच्या रसात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्ये असतात. ती अंगावर राहून पुन्हा ऊन लागले तर फोड येतात आणि महिनोन्‌महिने न जाणारे डाग पडतात. कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावची या वनस्पतीतील सोरालेन हे द्रव्य याच कुळातले. बावचीचा लेप लावणाऱ्यांनी, तसेच डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाबाबत दुप्पट सावध राहावे.

पहिला उपाय सावली आणि गार पाणी. नळाचे किंवा माठातले पाणी पुरते. जुन्या धोतराचा नाहीतर मलमलीचा तुकडा दुहेरी करून भिजवावा, हलका पिळावा, पोळलेल्या भागावर १०–१५ मिनिटे ठेवावा आणि तापला की पुन्हा भिजवावा. असे दिवसातून अनेकदा करता येते. बर्फ थेट लावू नये, आधीच दुखावलेली त्वचा त्याने आणखी दुखावते. आंघोळ गार पाण्याने, साबण न चोळता. अंग टिपून घ्यावे आणि ते किंचित ओलसर असतानाच बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावावे.

कोरफडीचा गर गारवा आणि ओलावा देतो, म्हणून तो बरा वाटतो. तो जखम झटपट भरून काढतो याला मात्र भक्कम पुरावा नाही. पान कापल्यावर आधी पिवळा चीक निथळू द्यावा आणि गर धुऊन घ्यावा, कारण तो चीक काहींना खाजवतो. दह्याचा किंवा चंदनाचा लेप अखंड त्वचेवर थंड वाटतो, फोडांवर नको. मुलतानी माती वाळताना त्वचा ओढते, ती टाळलेलीच बरी. खोबरेल, तूप यांसारखे जाड थर पहिल्या दिवशी उष्णता कोंडतात. पुढे साल निघू लागली की कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तूप, कोरडेपणावर हलक्या हाताने लावायला हरकत नाही. टूथपेस्ट कधीच लावू नये. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली तीव्र स्टेरॉइडची मिश्र मलमे चेहऱ्यावर लावण्याची सवय आपल्याकडे बोकाळली आहे. तिने चेहऱ्याची त्वचा पातळ होते आणि मूळ दुखण्यापेक्षा मोठे दुखणे मागे लागते.

ठणक्यासाठी आयबुप्रोफेन उपयोगी, कारण ते प्रोस्टाग्लँडिनलाच अटकाव करते. ते जेवणानंतर घ्यावे. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते नको. पॅरासिटॅमॉल वेदना कमी करते, दाह नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. भाजलेली त्वचा शरीरातले पाणी गमावते, म्हणून पाणी, ताक, कोकम सरबत वरचेवर प्यावे.

फोड आले तर फोडू नयेत. वरचे कातडे हीच त्यांची पट्टी असते. फुटलाच तर स्वच्छ पाण्याने धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि न चिकटणारी जाळीदार पट्टी बांधावी, कापूस नको. ताप, हुडहुडी, उलट्या, गरगरणे, बरळणे, पू, मोठ्या भागावर फोड, किंवा बाळाला झालेला सनबर्न ही घरी थांबण्याची वेळ नव्हे. बरळणे हे उष्माघाताचेही लक्षण असते. अशा माणसाचे अंग गार करत करतच दवाखाना गाठावा.

निघणारे सालपट ओढू नये, सुटेल तेवढेच सुटू द्यावे. खालची नवी त्वचा काही आठवडे नाजूक असते. तिला सैल सुती पूर्ण बाह्या आणि रुंद काठाची टोपी लागते. सावळ्या त्वचेवर पोळलेल्या जागी उरणारा काळसरपणा विरायला कित्येकदा महिने लागतात. त्या काळात तो भाग पुन्हा उन्हात उघडा टाकला तर डाग अधिक गडद होतो.